नॉर्थ ब्रदर बेट ओसाड का पडलं?

प्रश्न असा आहे: न्यूयॉर्कमध्ये टीचभर जागेसाठी लोक जन्मभर कर्ज फेडतात, आणि त्याच शहराच्या ईस्ट रिव्हरमध्ये सुमारे वीस एकरांचं नॉर्थ ब्रदर बेट १९६३ पासून रिकामं पडलंय. ते झपाटलेलं आहे, शापित आहे, ‘टायफॉइड मेरी’चे जंतू अजून तिथल्या मातीत आहेत, असं बरंच काही ऐकायला मिळतं. यात खरं किती?

जंतूंचं आधी निकालात काढतो, कारण तो माझ्या कामाचा भाग. माझी सगळी नोकरी साथरोगांत गेली, त्यातली बरीच वर्षं विलगीकरणाच्या वॉर्डांत. विषमज्वराचा जंतू माणसाच्या शरीरात वर्षानुवर्षं मुक्काम ठोकू शकतो, पण उघड्या मातीत त्याचा फार काळ निभाव लागत नाही. ‘टायफॉइड मेरी’ म्हणजे मेरी मॅलन, विषमज्वराची वाहक म्हणून या बेटावर ठेवलेली बाई. ती १९३८ साली वारली. तेव्हा ती भीती सोडून द्या. भुतांचं मला काही कळत नाही.

बेट ओसाड का पडलं याचं माझं उत्तर अगदीच रूक्ष आहे: तिथे पूल नाही. ईस्ट रिव्हरमधल्या इतर बेटांकडे बघा. वॉर्ड्स बेट १९३६ साली ट्रायबरो पुलामुळे शहराशी जोडलं गेलं. ब्लॅकवेल्स बेटावर वेड्यांचं इस्पितळ, तुरुंग, देवीच्या रोग्यांचं इस्पितळ असं सगळं एकेकाळी होतं. त्याला १९५५ साली क्वीन्सच्या बाजूने पूल मिळाला, आणि आज तेच रूझवेल्ट आयलंड या नावाने भरवस्तीचं ठिकाण आहे. रायकर्स बेटाला १९६६ साली पूल मिळाला आणि तिथला तुरुंग वाढत गेला. या तिन्ही बेटांवरचा इतिहास नॉर्थ ब्रदरइतकाच दुःखाचा आहे, पण त्यांना कुणी झपाटलेलं म्हणत नाही, कारण तिथे बस जाते. नॉर्थ ब्रदरला शेवटपर्यंत फक्त फेरीबोट होती. डॉक्टर, परिचारिका, रोगी, कोळसा, दूध, मेलेल्यांच्या पेट्या, सगळं त्याच बोटीने जायचं आणि यायचं.

शहराने साथीच्या रोग्यांचा दवाखाना तिथे नेला तोही बोटीशिवाय कुणी येऊ-जाऊ शकणार नाही म्हणूनच. जी गोष्ट त्या जागेचा गुण होती, तीच पुढे तिचा खर्च झाली. बाकीचा इतिहास याच हिशेबाने वाचला तर उलगडतो.

ब्राँक्सचा दक्षिण किनारा आणि रायकर्स यांच्या मधे दोन बेटं आहेत, नॉर्थ ब्रदर आणि साउथ ब्रदर. डच लोक त्यांना ‘दे खेझेलन’, म्हणजे सोबती, म्हणायचे. ब्राँक्सच्या किनाऱ्यापासून नॉर्थ ब्रदर हाकेच्या अंतरावर नसलं तरी अर्ध्या किलोमीटरच्या आसपासच आहे, चांगल्या पोहणाऱ्याला मोह व्हावा एवढंच. पण जवळच हेल गेटची अरुंद खिंड आहे. दोन बाजूंनी येणारी भरती तिथे एकमेकांवर आदळते आणि पाण्याला विलक्षण ओढ असते. १७८० साली हुसार नावाचं ब्रिटिश लढाऊ जहाज याच टापूत बुडालं. म्हणून १८६९ साली नॉर्थ ब्रदरच्या टोकावर दीपगृह बांधलं. त्यानंतर काही वर्षांनी शहराच्या आरोग्य खात्याची नजर बेटावर गेली.

१८८५ साली रिव्हरसाइड हॉस्पिटल ब्लॅकवेल्स बेटावरून इथे हलवलं. सुरुवात देवीच्या रोग्यांपासून झाली. मग टायफस (हा टायफॉइडहून वेगळा ताप), गोवर, डांग्या खोकला, घटसर्प, लोहितांग ज्वर (स्कार्लेट फीव्हर), क्षय, अगदी कुष्ठरोगसुद्धा. प्रतिजैविकं नव्हती, आणि देवी सोडली तर बहुतेक रोगांवर उपयोगी लसही नव्हती. डॉक्टरच्या हातात रोग्याला इतरांपासून दूर ठेवणं एवढंच शस्त्र होतं, आणि दूर म्हणजे नक्की किती, याचं उत्तर नदी देत होती. पैसेवाल्याला घरात वेगळी खोली मिळायची, खाजगी नर्स मिळायची. भाड्याच्या एका खोलीत आठ जण राहणाऱ्याला मात्र आरोग्य खात्याची माणसं येऊन बोटीत बसवायची. २०२० नंतर विलगीकरण म्हणजे काय हे मराठी वाचकाला समजावून सांगावं लागत नाही. पण घरात कोंडून राहणं आणि पोराला बोटीत घालून नेताना बघणं यात केवढा फरक आहे, तेवढा लक्षात घ्या.

१८९२ च्या टायफसच्या साथीबद्दल जरा सविस्तर सांगतो, कारण माझ्या मते या बेटाचा खरा धडा तिथे आहे आणि मेरीच्या गोष्टीखाली तो दबून जातो. त्या वर्षी जानेवारीअखेर मॅसिलिया नावाचं जहाज न्यूयॉर्कला लागलं. त्यात रशियातून परागंदा झालेले ज्यू होते, काही इटालियनही होते. फेब्रुवारीत लोअर ईस्ट साइडच्या घरांतून टायफसचे रोगी सापडू लागले. आरोग्य खात्याचे सायरस एडसन यांनी झपाट्याने शोधमोहीम राबवली. त्या जहाजातले जे जे रशियन ज्यू सापडले, त्यांना आजारी असोत वा धडधाकट, शेकड्यांनी नॉर्थ ब्रदरवर नेलं. इमारती पुरेनात म्हणून ऐन हिवाळ्यात तंबू ठोकले.

साथ शहरभर पसरली नाही. त्याचं श्रेय खात्याला मिळालं आणि काही अंशी ते योग्यही होतं. पण टायफस उवांमुळे पसरतो हे शार्ल निकोल यांनी दाखवून दिलं ते १९०९ साली. म्हणजे १८९२ मध्ये कुणालाच ठाऊक नव्हतं की धोका माणसाच्या श्वासात नसून त्याच्या कपड्यांत आहे. थंडीत, गर्दीत, अंगावरच्या त्याच कपड्यांनिशी आजारी माणसांच्या शेजारी निरोगी माणसं ठेवली. शहराला वाचवणाऱ्या त्या व्यवस्थेत बेटावरच्या धडधाकट माणसांचा धोका वाढत होता. संशयित आणि रोगी यांना एकत्र ठेवायचं नाही, हे आम्हाला पहिल्या वर्षी शिकवतात. तरी साथ अंगावर आली की खाटा कमी पडतात आणि पहिला बळी याच नियमाचा जातो. हे मी स्वतः पाहिलंय, एकदा नाही, तीनदा.

मग आलं १९०४. १५ जूनला जनरल स्लोकम ही सहलीची आगबोट मॅनहॅटनहून लाँग आयलंडकडे निघाली. बोटीत सेंट मार्क्स या जर्मन ल्यूथरन चर्चची मंडळी होती, सुमारे १,३०० जण. बुधवार होता, पुरुष कामावर गेलेले, त्यामुळे बहुतांश बायका आणि मुलंच. बोटीच्या पुढच्या भागातल्या दिव्यांच्या खोलीत आग लागली. पाण्याचे पाइप कुजलेले होते, दाब येताच फुटले. जीवरक्षक जाकिटं बोटीइतकीच जुनी, १८९१ ची. त्यांतल्या बुचाचा भुगा झाला होता. आईने पोराला जाकीट घालून पाण्यात सोडलं की पोर दगडासारखं तळाला जायचं. होड्या जागच्या जागी अडकलेल्या, सुटेनात. आणि महिनाभरापूर्वीच सरकारी तपासनिसाने बोट ठणठणीत असल्याचा दाखला दिलेला.

कप्तान व्हॅन शाइक यांनी बोट जवळच्या ब्राँक्स किनाऱ्याला न लावता पुढे हाकली. त्यांचं म्हणणं, त्या किनाऱ्यावर लाकडाच्या वखारी आणि तेलाच्या टाक्या होत्या. पण पुढे जाताना वारा समोरून येत होता, आणि आग मागच्या बाजूला जमलेल्या माणसांकडे पसरत गेली. अखेर बोट नॉर्थ ब्रदरच्या किनाऱ्याला रुतली, तीही अशी की पुढचं टोक उथळ पाण्यात आणि माणसांनी भरलेली मागची बाजू खोल पाण्यात. दवाखान्याच्या परिचारिका, कामगार आणि बिछान्यातून उठलेले रोगी पाण्यात उतरले. ज्यांच्या जवळ जायला शहर घाबरायचं, त्यांनी हाताला हात धरून साखळी केली आणि माणसं ओढून काढली. तरी सहसा दिल्या जाणाऱ्या आकड्याप्रमाणे १,०२१ जण गेले. संध्याकाळपर्यंत बेटाच्या गवतावर प्रेतांच्या रांगा लागल्या होत्या. २००१ चा ११ सप्टेंबर उजाडेपर्यंत शहराच्या इतिहासात एका दुर्घटनेत इतके मृत्यू कधी झाले नव्हते.

कप्तानाला दहा वर्षांची शिक्षा झाली. काही वर्षांनी तो सुटला, आणि १९१२ मध्ये अध्यक्ष टाफ्ट यांनी त्याला माफीही दिली. कंपनीच्या मालकांपैकी कुणीही तुरुंगात गेलं नाही. मॅनहॅटनमधली ‘लिटल जर्मनी’ म्हणून ओळखली जाणारी वस्ती त्यानंतर पांगली. ज्या घरात बायको-मुलांची अंथरुणं रिकामी झाली, त्या घरात राहायचं कुणासाठी? भुतांच्या गोष्टी इथून निघाल्या असाव्यात असा माझा अंदाज आहे. पण लक्षात घ्या, त्यानंतरही बेट साठेक वर्षं माणसांनी गजबजलेलं होतं. शापाने ओसाड पडायचं असतं तर तेव्हाच पडलं असतं.

आता मेरी. हिची गोष्ट सगळ्यांना माहीत असते आणि बहुतेकांना अर्धीच माहीत असते.

मेरी मॅलन आयर्लंडमधून आलेली, उत्तम स्वयंपाकीण. १९०६ च्या उन्हाळ्यात लाँग आयलंडवरच्या ऑइस्टर बे इथे एका बँकरने भाड्याने घेतलेल्या बंगल्यात ११ पैकी ६ जणांना विषमज्वर झाला. जॉर्ज सोपर नावाच्या आरोग्य अभियंत्याने माग काढला. पाणी, दूध, शिंपले, सगळं तपासून झाल्यावर त्याची नजर निघून गेलेल्या स्वयंपाकिणीवर गेली. तिने आधी काम केलेल्या आठ कुटुंबांपैकी सात कुटुंबांत तो ताप येऊन गेला होता. शिजवलेल्या अन्नातला जंतू उष्णतेने मरतो, पण ती करायची त्या पीचच्या आइस्क्रीमला आच लागत नाही. १९०७ साली डॉ. सारा जोसेफिन बेकर पोलिसांना घेऊन तिला आणायला गेल्या. मेरी काटा उगारून आली, पळाली, लपली, सापडली. शेवटी रुग्णवाहिकेत डॉ. बेकर तिच्या अंगावर बसून तिला घेऊन आल्या. पहिल्यांदा शहरातल्या इस्पितळात, मग नॉर्थ ब्रदरवरच्या एका छोट्या घरात.

तिचं म्हणणं होतं, मला कधी विषमज्वर झालाच नाही, मी ठणठणीत आहे. ते तिच्या परीने खरं होतं. सौम्य आजार येऊन जातो, कळतही नाही, आणि शंभरातल्या दोन-चार जणांच्या पित्ताशयात जंतू कायमचा बिऱ्हाड करतो. असा वाहक स्वतः कधीच आजारी दिसत नाही. खात्याने तिच्या विष्ठेचे १६३ नमुने तपासले, त्यातल्या १२० मध्ये जंतू सापडले. तिने आपले नमुने खाजगी प्रयोगशाळेत पाठवले, तिथे काहीच सापडलं नाही, आणि हाच पुरावा घेऊन १९०९ साली ती कोर्टात गेली. अनेक लेखांत हे वाचायला मिळतं की खात्याने खोटेपणा केला किंवा खाजगी प्रयोगशाळा विकली गेली. दोन्ही मानायची गरज नाही. वाहकाच्या शरीरातून जंतू रोज बाहेर पडत नाहीत. काही आठवडे पडतात, काही आठवडे नाहीत. शिवाय नमुना पोहोचायला उशीर झाला तर जंतू वाटेतच मरतात. आजही आम्ही एका नकारात्मक अहवालावर कुणाला मोकळं करत नाही, एकामागून एक अनेक नमुने मागतो. म्हणजे दोन्ही बाजू आपापल्या परीने खरं बोलत होत्या, आणि न्यायाधीशांना यातलं काही कळणं शक्य नव्हतं. तिची मागणी फेटाळली गेली.

पित्ताशय काढून टाकायची शस्त्रक्रिया तिला सुचवली गेली, तिने नकार दिला. मी तिच्या जागी असतो तर मीही दिला असता. त्या काळी पोट उघडणं म्हणजे जिवाशी खेळ, आणि एवढं करून जंतू जातीलच याची खात्री नाही.

फेब्रुवारी १९१० मध्ये नव्या आयुक्तांनी तिला सोडलं, मुख्य अट ही की स्वयंपाकाचं काम करायचं नाही. तिने धोबिणीचं काम केलं. त्यात पैसा कमी, कष्ट जास्त. खात्याने दुसरं कुठलंही कौशल्य शिकवलं नाही, पोटापाण्याची सोय लावली नाही. १९१५ साली स्त्रियांच्या एका इस्पितळात विषमज्वराची साथ आली, २५ जण आजारी पडले, दोघे गेले. तिथली ‘मिसेस ब्राउन’ नावाची स्वयंपाकीण म्हणजे मेरीच निघाली. या वेळी तिला कुणाचीच सहानुभूती मिळाली नाही. नाव बदलून इस्पितळाच्याच स्वयंपाकघरात जाणं मला आजही समर्थनीय वाटत नाही. पण पुढची २३ वर्षं, ११ नोव्हेंबर १९३८ ला मरेपर्यंत, ती बेटावरच राहिली. पहिला मुक्काम धरला तर एकूण २६ वर्षं. त्याच काळात शहरात शेकडो वाहकांची नोंद होती. त्यांतल्या काहींनी नियम मोडले, काहींच्या नावावर तिच्यापेक्षा जास्त रोगी होते, तरी ते पत्ता नोंदवून घरी राहत होते. त्यांतले काही कुटुंबवाले पुरुष होते. ती एकटी, परदेशी, बाई, आणि तोंडाने तिखट. रोगशास्त्रात हा फरक कुठेच बसत नाही. नंतर तिला दवाखान्याच्या प्रयोगशाळेत काम मिळालं, अधूनमधून बोटीने शहरात जायची परवानगीही मिळाली. ती जायची आणि परत यायची.

मेरीनंतर बेटाचं वैद्यकीय महत्त्व ओसरत गेलं. तरी शहराने तिथे एक शेवटचा मोठा खर्च केला. क्षयरोग्यांसाठी चार मजली, भरपूर उजेडाची आधुनिक इमारत उभारली आणि ती १९४३ मध्ये पूर्ण झाली. त्याच वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये शेजारच्या न्यू जर्सीत, रटगर्स विद्यापीठात, वॅक्समन यांच्या प्रयोगशाळेत अल्बर्ट शॅट्झ यांना स्ट्रेप्टोमायसिन सापडलं. क्षयावरचं पहिलं खरं औषध. १९५२ मध्ये आयसोनियाझिड आलं आणि उघडी हवा, ऊन, खाट, वर्षानुवर्षांची विश्रांती ही सगळी उपचारपद्धती दशकभरात मोडीत निघाली. नदीपलीकडे बोटीच्या वाटेवर बांधलेली सॅनेटोरियम नुसती निरुपयोगी झाली असं नाही, ती हास्यास्पद झाली. नॉर्थ ब्रदरची ती देखणी इमारत ज्या कामासाठी बांधली, त्या कामी फारशी आलीच नाही.

युद्धानंतर शहरात घरांची टंचाई होती. १९४६ पासून महायुद्धातून परतलेले आणि सरकारी मदतीवर कॉलेजात शिकणारे तरुण इथे कुटुंबासह राहायला आले. वॉर्डांचे फ्लॅट झाले, मुलं अंगणात खेळू लागली. बेटाचा हा काळ कुणी सांगत नाही, कारण त्यात मेलेलं कुणी नाही. पण नवरा सकाळी बोटीने कॉलेजला, दूध-भाजी बोटीने, रात्री बोट चुकली की रात्र पलीकडे काढायची. इतरत्र घरं मिळू लागताच लोक निघून गेले, १९५१ पर्यंत वस्ती उठली.

१९५२ मध्ये शेवटचा प्रयोग झाला, हेरॉइनच्या व्यसनात अडकलेल्या किशोरवयीन मुलांसाठी उपचार केंद्राचा. क्षयाच्या त्याच इमारतीत मुलांना कोंडून नशा उतरवली जायची. इथेही विचार जुनाच, दूर ठेवा म्हणजे बरे होतील. टायफसचा रोगी संसर्ग संपला की घरी जाऊ शकतो. व्यसनाचं तसं नाही. मुलगा महिन्यांनी बोटीतून उतरायचा तो त्याच गल्लीत, त्याच मित्रांत, त्याच विक्रेत्याच्या दारात. मागोवा घेतला तेव्हा जवळपास सगळे पुन्हा व्यसनाकडे वळलेले आढळले. खर्च अफाट, कर्मचारी मिळेनात, भ्रष्टाचाराच्या तक्रारी. १९६३ मध्ये केंद्र बंद झालं आणि शेवटची बोट सुटली. दीपगृह त्याआधी दहा वर्षांपूर्वीच विझलं होतं.

त्यानंतर बेट विकावं, बेघरांसाठी निवारा करावा, रायकर्सच्या तुरुंगाला जोडावं, असे विचार अधूनमधून पुढे आले. प्रत्येक वेळी कुणीतरी धक्का, सांडपाणी, वीज आणि बोट यांचा हिशेब मांडला आणि कागद कपाटात गेला. वीस एकरांसाठी पूल बांधणं कुणालाच परवडणारं नव्हतं.

शेजारच्या साउथ ब्रदरचं दोन ओळींत सांगतो. तिथे बिअरचे कारखानदार आणि यांकीज या बेसबॉल संघाचे मालक जेकब रूपर्ट यांचं उन्हाळी घर होतं, ते १९०९ साली जळालं, पुन्हा कुणी बांधलं नाही. २००७ मध्ये ते बेट सार्वजनिक मालकीचं झालं.

आज नॉर्थ ब्रदर शहराच्या उद्यान खात्याकडे आहे. छतावरच्या पन्हाळी पानांनी तुंबल्या, पाणी विटांत मुरलं, हिवाळ्यात गोठून फुगलं, आणि भिंती आतून उकलल्या. माणसांनी रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या झाडांचं रान झालं, कुड्झूच्या वेलींनी घरं गिळली. १९८० च्या दशकापासून रातबगळ्यांनी तिथे मोठी वसाहत केली. मग तेही कुणाला नीटसं न कळलेल्या कारणाने निघून गेले. बेट अजून पक्ष्यांसाठी राखीव आहे आणि सामान्य माणसाला तिथे उतरता येत नाही. संशोधकांना विणीचा हंगाम टाळून, खात्याच्या परवानगीने, सोबत माणूस देऊन नेतात. चोरून जाणारे जातात. त्यांना माझा वैद्यकीय सल्ला एवढाच की जुने मजले पायाखाली बसतात, विषारी आयव्हीची वेल अंगाला लागली तर आठवडाभर खाजवत बसावं लागतं, आणि अपघात झाला तर रुग्णवाहिकेलाही बोटच लागेल.

नुसतं बघायचं असेल तर ब्राँक्समधल्या बॅरेटो पॉइंट पार्कात जा. संध्याकाळी तिथे मुलं सायकली फिरवत असतात, लोक गळ टाकून बसलेले असतात. समोर पाण्यापलीकडे झाडांतून विटांची एक उंच चिमणी दिसते, दवाखान्याच्या बॉयलरची.